‘आपोआप’ आधी लिहून ठेवावं लागतं



हॉस्टेलमध्ये कोणतीही गोष्ट आपोआप होत नसते. टाकी आपोआप भरत नाही, मेसचं बिल आपोआप कमी होत नाही आणि परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स आपोआप डोक्यात शिरत नाहीत. कोणीतरी उठून मोटर चालू करतो तेव्हा कुठे टाकी भरते. हे आपल्या सगळ्यांना पक्कं माहीत आहे. पण कॉम्प्युटर म्हटलं की आपली एक गोड समजूत होऊन बसते, की तिथे सगळं आपोआपच चालतं. या समजुतीची किंमत आमच्या हॉस्टेलने यंदा एप्रिलमध्ये मोजली, म्हणून हा लेख.

झालं असं. आमच्या रीडिंग रूममध्ये एक कॉमन मशीन आहे. त्यावर लिनक्स चालतं. ज्यांचे लॅपटॉप रडतखडत चालतात त्यांच्या प्रोजेक्टचा सगळा भार याच मशीनवर. एका फायनल इयरच्या दादाने त्यात दुसरी हार्ड डिस्क बसवली आणि रोज रात्री दोन वाजता सगळ्यांच्या प्रोजेक्टचे फोल्डर त्या डिस्कवर कॉपी व्हावेत अशी सोय केली. काम फार चांगलं केलं, यात वाद नाही. जानेवारीत दादा इंटर्नशिपला पुण्याला गेला. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला, रात्रभर लाइन गेली, इन्व्हर्टरने मान टाकली आणि मशीन बंद पडलं. सकाळी कोणीतरी बटण दाबलं. मशीन चालू झालं. सगळं जिथल्या तिथे दिसत होतं. रात्री दोनला कॉपी होत होती आणि नोंदवहीत रोज ‘काम झालं’ अशी ओळ पडत होती.

एप्रिलमध्ये पहिली हार्ड डिस्क टकटक आवाज करायला लागली आणि दोन दिवसांत गेली. प्रोजेक्ट जमा करायला तीन आठवडे उरलेले. पण आम्ही निवांत होतो.

“अबे बॅकअप आहे न! कायले टेन्शन घेऊन राह्यला?”

दुसरी डिस्क काढली, दुसऱ्या मशीनला लावली, उघडली. सगळे खुर्चीभोवती गोळा. मग एकजण हळूच म्हणाला,

“हे त फेब्रुवारीपर्यंतचंच आहे बे... पुढचं कुठी गेलं?”

पुढचं कुठेच गेलं नव्हतं. ते त्या मेलेल्या डिस्कवरच होतं! फेब्रुवारीच्या त्या रात्रीनंतर दुसरी डिस्क मशीनमध्ये होती, तिला वीज मिळत होती, पण ती ‘माउंट’ झालेलीच नव्हती. दोन महिने रोज रात्री पहिल्या डिस्कवरचा माल पहिल्याच डिस्कच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला जात होता. आम्ही समजत होतो घरात दोन कपाटं आहेत. निघालं एकच कपाट, त्यात दोन कप्पे.

चार ग्रुपचं काम गेलं. त्यातला एक ग्रुप कपाशीच्या बोंडांचे फोटो पाहून गुलाबी बोंडअळीचं नुकसान ओळखणारा प्रोग्रॅम करत होता. फोटो अकोल्याकडच्या शेतांत फिरून त्यांनीच काढलेले. ते फोटो वाचले, कारण ते हंगामातले, म्हणजे फेब्रुवारीच्या आधीचे. पण त्यातल्या एकेका फोटोवर चौकोन आखून ‘इथे अळीचं छिद्र आहे’, ‘इथे नाही’ असं लिहायचं काम त्यांनी दोन महिने रात्री जागून केलं होतं. ते सगळं गेलं. त्यातला एकजण त्या दिवशी जेवायला मेसमध्ये आलाच नाही.

आता हे कसं झालं, ते थोडक्यात सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी एक परिच्छेद सोडून पुढे जावं.

विंडोजमध्ये प्रत्येक डिस्कला वेगळं अक्षर मिळतं. सी, डी, ई. युनिक्सच्या घराण्यात, म्हणजे लिनक्समध्येही, तसं नसतं. तिथे सगळ्या फाइलींचं एकच झाड. नवी डिस्क लावली की तिला त्या झाडावरच्या एखाद्या फोल्डरला जोडावं लागतं. या जोडण्याला माउंट करणं म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर बंडीला बैल जुंपणं. फोल्डर म्हणजे बंडी, डिस्क म्हणजे बैल. गंमत अशी की बैल नसले तरी बंडी जागेवर उभीच असते. तुम्ही तिच्यात पोती भरू शकता, ती भरल्यासारखी दिसतेही. फक्त ती कुठे जात नाही! आमचा कॉपी करणारा प्रोग्रॅम दोन महिने बिनबैलाच्या बंडीत पोती भरत होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की आधी बैल बघ.

दादाचं म्हणाल तर तो दर वेळी मशीन चालू झालं की स्वतः माउंटची कमांड देत असे. म्हणजे बैल रोज हाताने जुंपत असे. तो होता तोवर सगळं नीट होतं. तो गेला, आणि ती सवय त्याच्यासोबत पुण्याला गेली.

या प्रकारानंतर हॉस्टेलमध्ये तीन पक्ष पडले. पहिला म्हणे, दोष लाइनचा. दुसरा म्हणे, दोष दादाचा. तिसरा पक्ष सगळ्यात मोठा, “विंडोज असतं त हे झालंच नसतं!” तिसऱ्या पक्षात थोडं तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. विंडोजने ती डिस्क चालू होताच ओळखून तिला अक्षर दिलं असतं. लिनक्सचे आजचे डेस्कटॉपही पेन ड्राइव्ह लावला की स्वतःच माउंट करतात. पण ती सोय कोणीतरी लॉगिन करून समोर बसलं असेल त्याच्यासाठी असते. रात्री दोन वाजता, कोणीही लॉगिन केलेलं नसताना चालणाऱ्या कामाला तिचा उपयोग नाही. तिथे मशीनला आधीच लेखी सांगून ठेवावं लागतं. आणि ती सोय युनिक्समध्ये तुमच्या-माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. एफएसटॅब नावाची एक साधी मजकुराची फाइल, त्यात एका डिस्कसाठी एक ओळ. बस्स!

मग खरा प्रश्न असा, की एवढी सोपी ओळ दादाने लिहिली का नाही? त्याला येत नव्हती असं नाही. त्याचं उत्तर मागच्या दिवाळीत आहे.

मागच्या दिवाळीआधी आमच्यातल्याच एका ज्युनिअरला एफएसटॅबचा शोध लागला. शोध लागला की माणूस गप्प बसत नाही. त्याने स्वतःच्या पेन ड्राइव्हची ओळ कॉमन मशीनच्या एफएसटॅबमध्ये लिहून टाकली. मशीन चालू झालं की पेन ड्राइव्ह तयार! चार दिवस सगळ्यांना दाखवत फिरला. मग सुट्ट्या लागल्या. मशीन बंद झालं आणि भाऊ पेन ड्राइव्ह खिशात टाकून अकोल्याला घरी गेला. दिवाळीनंतर मशीन चालू केलं तर ते दीड मिनिट काहीच बोलेना. मग काळ्या पडद्यावर ‘इमर्जन्सी मोड’. पेन ड्राइव्ह अकोल्यात, मशीन अमरावतीत, आणि मशीन म्हणतंय की तो आल्याशिवाय मी पुढे जाणार नाही! दादाचा अख्खा दिवस ती ओळ शोधून काढण्यात गेला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर कागद लागला, ‘एफएसटॅबला कोणीही हात लावू नये.’ आणि नियम करणाऱ्याने नियम पाळला. स्वतःच्या डिस्कची ओळही त्याने लिहिली नाही, हातानेच माउंट करत राहिला.

म्हणजे बघा, दिवाळीतल्या एका दिवसाच्या भीतीने एप्रिलमध्ये दोन महिने खाल्ले. माझं म्हणणं इथेच आहे. आपल्याकडे एखादी गोष्ट बिघडली की आपण ती शिकत नाही, तिच्यावर बंदी घालतो. हॉस्टेलमध्येही आणि लॅबमध्येही. पेन ड्राइव्ह लावायचा नाही, सेटिंग उघडायचं नाही, टर्मिनल दिसलं की ‘काय हॅकिंग करून राह्यला का?’ बंदीने त्या दिवशीचा त्रास वाचतो. पण ते काम कोणालातरी डोक्यात ठेवून हातानेच करावं लागतं. आणि डोकी हॉस्टेलमध्ये टिकत नाहीत, दर जूनमध्ये एक बॅच निघून जाते. लिहिलेली ओळ मात्र राहते.

वास्तविक दिवाळीतला घोळ टाळायला एकच शब्द पुरेसा होता. एफएसटॅबच्या ओळीत सहा रकाने असतात. कोणती डिस्क, कोणत्या फोल्डरला, कोणत्या प्रकारची, कोणत्या अटींवर, आणि शेवटी दोन आकडे, पहिला ‘डम्प’ या जुन्या बॅकअप प्रोग्रॅमसाठी आणि दुसरा चालू होताना डिस्क तपासण्याच्या क्रमाचा. चौथ्या रकान्यात ‘नोफेल’ हा शब्द लिहिला असता तर पेन ड्राइव्ह अकोल्यात असो की आकोटात, मशीन त्याच्यासाठी अडून बसलं नसतं. तो शब्द नसला की सिस्टिमडी वापरणारं आजचं लिनक्स साधारण ९० सेकंद वाट पाहतं आणि मग हात वर करतं.

दुसरी गोष्ट पहिल्या रकान्याची. बरेच जण तिथे एसडीबी-१ असं डिस्कचं नाव लिहितात. हे नाव म्हणजे रांगेतला नंबर आहे, माणसाचं नाव नव्हे. चालू होताना कोणती डिस्क आधी सापडली यावर ते ठरतं, त्यामुळे कालची बी उद्या सी होऊ शकते. त्याऐवजी यूयूआयडी लिहावा. प्रत्येक फाइल सिस्टिम तयार होताना तिला मिळालेला तो ओळख क्रमांक असतो. पोर्ट बदला, केबल बदला, तो बदलत नाही. मात्र डिस्क फॉरमॅट केली की तो नवा होतो, हेही लक्षात ठेवा. बीएलकेआयडी ही कमांड दिली की समोर येतो.

तिसरी गोष्ट, ओळ लिहिल्यावर मशीन लगेच रीस्टार्ट करून नशीब आजमावू नका. ‘फाइंडएमएनटी’ला ‘व्हेरिफाय’ हा पर्याय देऊन ओळ तपासता येते आणि ‘माउंट’ला ‘ए’ पर्याय दिला की फाइलीतल्या सगळ्या ओळी चालवून बघता येतात. चूक असेल तर ती चालू मशीनवर कळते, बंद मशीनवर नव्हे. दिवाळीचा सगळा तमाशा या दोन मिनिटांत वाचला असता.

आता कोणी म्हणेल, नोफेल लिहिलं म्हणजे झालं? अजिबात नाही! उलट इथेच खरी मेख आहे. नोफेलचा अर्थ असा की डिस्क सापडली नाही तरी मशीन मुकाट्याने पुढे जाईल. म्हणजे पुन्हा बिनबैलाची बंडी, पुन्हा फेब्रुवारी! म्हणून कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमनेही आधी विचारायला हवं. त्यासाठी ‘माउंटपॉइंट’ नावाची कमांडच आहे. या फोल्डरला खरंच काही जोडलंय का, एवढंच ती सांगते. जोडलं नसेल तर कॉपी करू नकोस आणि बोंब मार, अशी एक ओळ प्रोग्रॅमच्या सुरुवातीला टाकायची. आमची ‘काम झालं’ ही नोंद खोटी नव्हती. काम झालंच होतं. फक्त ते कुठे झालं हे कोणी विचारलं नव्हतं.

ज्यांना नेहमी लावून ठेवायची डिस्क नसते, कधीमधी लागते, त्यांच्यासाठी आणखी एक रीत आहे. कोणी त्या फोल्डरमध्ये डोकावलं तरच डिस्क माउंट करायची आणि काही मिनिटं कोणी फिरकलं नाही तर सोडून द्यायची. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८८ च्या सनओएस ४.० मध्येच असा ऑटोमाउंटर दिला होता. त्या काळी तो मुख्यतः नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनच्या डिस्कसाठी होता. आज लिनक्समध्ये तेच काम ऑटोएफएस करतं, किंवा सिस्टिमडीला सांगून एफएसटॅबच्या त्याच ओळीतूनही करून घेता येतं. लाइन जाण्याची सवय असलेल्या गावात हे मला जास्त पटतं. जी डिस्क सोडलेली आहे, तिच्यावर लिहिणं अर्धवट राहण्याचा प्रश्नच येत नाही.

आणि ‘सोडणं’ हा शब्द आला म्हणून सांगतो. जुंपणं आपोआप झालं तरी पेन ड्राइव्हच्या बाबतीत सोडणं अजून आपल्याच हातात आहे. कॉपीची पट्टी पूर्ण भरली म्हणजे फाइल पेन ड्राइव्हमध्ये गेली असं नसतं. वेग वाढवण्यासाठी मशीन ती आधी रॅममध्ये ठेवतं आणि मागून सावकाश लिहीत असतं. मोठी फाइल आणि स्वस्तातला पेन ड्राइव्ह असेल तर हे मागचं लिहिणं मिनिटभरही चालतं. नेमकं तेव्हा आपण, “झालं न बे, चल!” म्हणत तो उपटतो आणि झेरॉक्सच्या दुकानात जाऊन फाइल उघडत नाही म्हणून व्हायरसच्या नावाने खडे फोडतो. यूमाउंट ही कमांड, किंवा पडद्यावरचं इजेक्टचं बटण, हे राहिलेलं लिहून संपेपर्यंत थांबतं. (कमांडच्या इंग्रजी नावातला ‘एन’ गळालेला आहे, तो शोधत बसू नका!) ‘डिव्हाइस बिझी आहे’ असं आलं तर मशीनवर चिडू नका, कोणती तरी फाइल उघडी आहे असं ते सांगतंय.

संत गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. गावात गेले की आधी हातात खराटा, मग रात्री कीर्तन. बसायची जागा साफ करणं आणि उठताना आपला पसारा आवरणं हे काम त्यांनी दुसऱ्यावर टाकलं नाही. आपण दहा सेकंद थांबून पेन ड्राइव्ह नीट सोडू शकत नसू, तर त्यांचं नाव नुसतं मार्कशीटवर मिरवण्यात काय अर्थ?

लॅबमधल्या सरांची बाजूही मला कळते. पेन ड्राइव्हवर बंदी उगाच आलेली नाही. २००८ च्या शेवटी पसरलेला कॉन्फिकर हा वर्म पेन ड्राइव्हवरच्या ऑटोरनच्या फाइलीचाही आधार घेत होता. विंडोज ती फाइल पाहून नको ते चालवण्याच्या वाटेवर नेत असे. शेवटी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमध्येही पेन ड्राइव्हचं ऑटोरन बंद करणारा अपडेट दिला. पण यातला धडा नीट घ्यायला हवा. आपोआप जोडणं आणि आपोआप चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहुण्याला ओसरीवर बसवणं वेगळं आणि तिजोरीची किल्ली देणं वेगळं. एफएसटॅबमध्ये ‘नोएक्झेक’ लिहिलं तर त्या डिस्कवरचे प्रोग्रॅम थेट चालवता येत नाहीत. ‘यूजर’ ही अट लिहिली, म्हणजे साध्या विद्यार्थ्यालाही ती डिस्क माउंट करायची मुभा दिली, तर नोएक्झेक आपसूकच लागू होतं. म्हणजे मुभा आणि बंधन एकाच शब्दात. सरसकट बंदीपेक्षा हे बरं नाही का?

ज्यांच्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत त्यांनाही एक सूचना. विंडोजची डी ड्राइव्ह लिनक्समध्ये फक्त वाचता येते, लिहिता येत नाही, ही तक्रार दर महिन्याला ऐकू येते. बहुतेक वेळा कारण ‘फास्ट स्टार्टअप’ असतं. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं आणि डिस्क आपल्या ताब्यात ठेवतं. दुसऱ्याच्या जुवाखालचे बैल आपल्या बंडीला कसे जुंपणार? ते सेटिंग बंद करा आणि मग एफएसटॅबची ओळ लिहा.

आता मागण्या. आपल्याकडे लेख मागण्यांशिवाय संपत नाही.

सरांना विनंती आहे की ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलमध्ये ‘माउंट म्हणजे काय?’ ही व्याख्या विचारण्याऐवजी एक जुनं मशीन द्यावं आणि डिस्क अशी जोडायला सांगावी की रीस्टार्टनंतरही जोडलेली राहील आणि डिस्क काढून घेतली तरी मशीन चालू होईल. त्यात मशीन दहादा बंद पडेल. पडू द्या! ते लॅबमध्ये पडलेलं बरं, नोकरीत बँकेच्या सर्व्हरवर पडण्यापेक्षा. ज्यांना इंग्रजीची भीती वाटते त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, हेही वर्गात सांगावं.

आणि मित्रांनो, आपल्यासाठी एकच. जी बॅच जाते तिने जाताना कॉमन मशीनवर काय काय ‘हाताने’ करावं लागतं त्याची यादी काढावी. त्यातलं जे मशीनला सांगता येईल ते फाइलीत लिहावं, शेजारी का लिहिलं तेही लिहावं. जे सांगता येणार नाही ते भिंतीवर लावावं. सेंड-ऑफच्या केकपेक्षा याचा उपयोग ज्युनिअर्सना जास्त होईल.

आमच्या भिंतीवरचा ‘हात लावू नये’चा कागद आम्ही मे महिन्यात काढला. त्याजागी आता ‘हात लावण्याआधी वाचा’ असा कागद आहे. त्याखाली पाच ओळी. पाचवी ओळ त्या बोंडअळीवाल्या ग्रुपने लिहिली आहे, ‘महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल खरंच उघडून बघावी.’ त्यांनी उरलेल्या तीन आठवड्यांत तिघांनी पाळ्या लावून निम्म्या फोटोंवर पुन्हा खुणा केल्या आणि प्रोजेक्ट जमा केला. निम्म्याच फोटोंवर. बाकीचे तसेच पडून आहेत. कोणाला हवे असतील तर रीडिंग रूममध्ये विचारा. यावेळी ते दुसऱ्या डिस्कवर आहेत, उघडून पाहिलेत.